परवान्यावरचा शेरा

‘शेरा’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे तो प्रगतिपुस्तकातून आणि सरकारी कागदांतून. वाहनचालकाच्या परवान्यावर शेरा मारण्याची प्रथाही बरीच जुनी आहे. ब्रिटनमधील १९०३च्या मोटार कायद्याने परवाना सक्तीचा केला, मोटार चालवण्याचे किमान वय १७ ठरवले आणि दोषी चालकाचा परवाना निलंबित करण्याचा, त्यावर गुन्ह्याची नोंद करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. चालकाची परीक्षा मात्र तेथे १९३५मध्ये सक्तीची झाली. म्हणजे परीक्षेच्या कितीतरी आधी शेरा आला! दंड भरला की संपतो. शेरा माणसाबरोबर फिरतो.

भारतातील १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही शेरा आहे. पण तो पुसण्याची वाटही आहे. सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकाला निष्कलंक परवाना मागता येतो. परवाना निलंबित असल्याचा काळ ह्या तीन वर्षांत धरत नाहीत. विस्मरण येथे फुकट मिळत नाही, ते वर्तनाने कमवावे लागते.

अल्पवयीनांबाबत मात्र कायद्याची स्मृती दुभंगलेली दिसते. २०१५चा बाल न्याय कायदा काही अपवाद वगळता सांगतो, की बालपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये आणि नोंदीही नष्ट व्हाव्यात. याउलट, २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले १९९अ हे कलम अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सुनावते. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाकारते. एक कायदा विसरा म्हणतो, दुसरा लक्षात ठेवा म्हणतो. नोंदच उरली नाही, तर चोवीस वर्षांच्या अर्जदाराला अडवायचे कशाच्या आधारे?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने जामीन दिला. त्याच्या अटींत अपघातांवरील ३०० शब्दांच्या निबंधाचा समावेश होता. लोक संतापले ते योग्यच होते. भाषा शिकवणाऱ्यांना त्यात आणखी एक अपमान जाणवावा: लेखन म्हणजे उरकून टाकण्याची शिक्षा, हा समज त्या अटीत गृहीत होता.

तरीही पंचविशीची बंदी हे त्याचे पुरेसे उत्तर नाही. ती वर्तनाशी नव्हे, वयाशी बांधलेली आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा गुन्हा बारा वर्षे मागे राहतो, सतरा वर्षांच्याचा आठ. समज जितकी कमी, तितकी सावली लांब! शिवाय मधल्या काळात त्याने काय केले, हे कलम विचारत नाही. मृतांच्या आप्तांना विस्मरणाची सवलत कोणताच कायदा देऊ शकत नाही. म्हणूनच शेरा हवा. पण तो पुसण्यासाठी काय करावे लागेल, हेही त्या मुलाला सांगायला हवे. नुसते कॅलेंडर कोणाला जबाबदारी शिकवत नाही.