बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा

वकिलाची थोरवी त्याने जिंकलेल्या खटल्यांवरून मोजण्याचा परिपाठ आहे. परंतु ज्या दोन खटल्यांमुळे बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांचे नाव इतिहासात राहिले, त्या दोहोंतही आरोपींस कठोर शिक्षाच झाल्या. असे असता त्यांचे स्मरण आम्ही आदराने का करावे?

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगाव येथील माथारपाखाडीत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते पुढे केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा जो स्नेह जडला, तो धर्मभेदाच्या पलीकडचा होता.

सन १९०८ मध्ये 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' व 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. न्यायासनावर दावर होते. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी वकील या नात्याने टिळकांस जामीन मिळवून दिला होता. न्यायमूर्ती म्हणून मात्र त्यांनी तो नाकारला. सरकारने खास ज्यूरीची मागणी केली, तेव्हा तिला विरोध करण्यास बॅप्टिस्टा उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. लेख मराठी आहेत, आणि खास ज्यूरीत बहुतेक युरोपियनच येणार. मराठी न जाणणाऱ्यांनी मराठी लेखणीचा हेतू कसा ठरवावा? हरकत फेटाळली गेली. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी आले. पुढे टिळकांनी स्वतःच २१ तासांहून अधिक काळ बचावाचे भाषण केले व सरकारी भाषांतरातील दोष दाखविले. परंतु सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा त्यांस झाली.

पुढे नाशिक कटाच्या खटल्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. तेथे तर ज्यूरीही नव्हती. तीन न्यायाधीशांच्या खास न्यायमंडळापुढे काम चालले. सावरकरांस १९१० च्या डिसेंबरात एक व १९११ च्या जानेवारीत दुसरी, अशा दोन जन्मठेपा झाल्या. सरकारची वक्रदृष्टी ज्यांच्यावर होती, अशांचे वकीलपत्र उघडपणे घेणे त्या काळी सोपे नव्हते.

बेळगावकरांस काकांचे नाव आणखी एका कारणाने आपले वाटावे. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बॅप्टिस्टा झाले व चिटणीस न. चिं. केळकर. पुढे कामगार चळवळीत ते अग्रभागी राहिले, आणि १९२५-२६ साली मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९३० मध्ये त्यांचा अंत झाला. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास त्यांचेच नाव आहे.

ज्याचा न्याय करावयाचा, त्याची भाषा न्याय करणाऱ्यास समजली पाहिजे, हा काकांचा आग्रह न्यायमूर्तींनी नाकारला. इतिहासाने मात्र तो मान्य केला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जतन करीत आलेल्या आम्हां मंडळींस त्या आग्रहाचे मोल अधिक कळावे. आणि हे जाणावे की, आपल्या भाषेची बाजू त्या दिवशी ज्याने न्यायासनापुढे मांडली, तो आपल्या देवळातला नव्हता. पण आपलाच होता.