दर दोन तासांनी कूस



गेल्या श्रावणात मी न्हाणीघरात घसरून पडलो, हे आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर. ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीची मुलगी येऊन म्हणाली, "आजोबा, चला, उभं राहायचंय." मला वाटलं, पोरगी चेष्टा करते. पण तिनं खरंच उभं केलं. दोन मिनिटं उभा राहिलो आणि पहिलीत पास झाल्यासारखा आनंद झाला.

पुढे शेळगावला घरी आलो आणि ताप आला. आठवडाभर पुन्हा अंथरूण धरलं. अंगात त्राण नव्हतं, स्वतःहून कुशीवर वळता येईना. सूनबाईनं मोबाईलवर गजर लावले. रात्री दहा, बारा, दोन, चार. गजर वाजला की ती आणि मुलगा दोघं उठायचे, पायांच्या मध्ये उशी ठेवून मला दुसऱ्या अंगावर करायचे आणि बॅटरीच्या उजेडात टाचा अन् माकडहाड बघायचे. तिसऱ्या रात्री मी चिडलो. म्हटलं, "झोपू द्या की जरा!" सूनबाई शांतपणे म्हणाली, "अण्णा, हाड दोन-तीन महिन्यांत जुळेल. पाठीला जखम झाली तर ती त्याहून जास्त दिवस घेईल."

ती झोपायला गेली. मला मात्र उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. पाय दुखत होता म्हणून नव्हे. मला आबा आठवले.

माझे वडील म्हणजे आबा. १९६३ सालचा फाल्गुन. मी सातवीत होतो. आबा चिंचा झोडायला झाडावर चढले होते, फांदी मोडली आणि ते पाठीवर पडले. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. फक्त म्हणाले, "माझे पाय कुठं गेले रे?" बैलगाडीत पेंढा घालून त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं, मणका मोडलाय, आतली शीर गेली, आता घरी न्या. घरी हाडवैद्य आला. तो म्हणाला, "अजिबात हलवू नका, हलवलं तर जुळायचं नाही."

आम्ही ते ब्रह्मवाक्य मानलं. ओसरीवर बाज टाकली, दोन वाकळा अंथरल्या आणि आबांना उताणं निजवलं. आई भरवायची, पुसून काढायची, पण पाठ कुणी पाहिली नाही. माझं काम माश्या वारायचं. तीन आठवड्यांनी वास येऊ लागला. आईला वाटलं, गोठ्यातला असेल. कमरेखाली आबांना संवेदनाच नव्हती. दुखत नव्हतं म्हणून ते बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून कुणी बघितलं नाही. आषाढात तुकोबांची पालखी शेळगाव फाट्यावरून पुढे गेली, त्यानंतर चौथ्या दिवशी आबा गेले. छत्तीस वर्षांचे होते.

"मणका मोडून गेले." साठ वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो. आजारपणात हाताशी वेळ होता आणि पुतण्याची मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकते. तिला फोन करून करून भंडावून सोडलं. तिनं सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं जे समजलं, ते इथे लिहून ठेवतो.

मणक्याची दुखापत माणसाला फार जुनी माहीत आहे. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीची एक वैद्यकाची गुंडाळी सापडली, तिला एडविन स्मिथ पपायरस म्हणतात. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन तिच्यात अचूक आहे, आणि या दुखण्यावर इलाज करू नये असा निवाडाही आहे. हा निवाडा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच टिकला. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावले. ते गोळीनं कमी आणि पाठीच्या जखमा अन् लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांनी जास्त गेले. पण डॉक्टरांना वाटे, हे असंच व्हायचं.

हे असंच व्हायचं, हे ज्यांना पटलं नाही त्यांपैकी एक अमेरिकेत बोस्टनचे डोनाल्ड मन्रो आणि दुसरे लुडविग गुटमान. गुटमान जर्मनीतले ज्यू डॉक्टर, मेंदू व मज्जासंस्थेचे तज्ज्ञ. हिटलरच्या छळामुळे १९३९ साली कुटुंबासह इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल या ठिकाणी त्यांच्या हाती मणक्याच्या रुग्णांचा विभाग देण्यात आला. इतर डॉक्टर त्यांना म्हणत, मरणाऱ्यांच्या खोलीत आयुष्य कशाला घालवता?

गुटमान यांनी काय केलं? नवं औषध काढलं नाही की यंत्र काढलं नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. लघवीची नळी स्वच्छतेनं हाताळायची. पाठ रोज बघायची. रात्री परिचारकांनी खरंच कूस बदलली की नाही, हे पाहायला ते स्वतः वॉर्डात येत. माणसं जगू लागली.

कारण अगदी साधं आहे. निरोगी माणूस झोपेतही वळत असतो. एकाच जागी दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मांसाला रक्त मिळत नाही आणि काही तासांत ते मरू लागतं. हाड जिथे कातडीच्या जवळ, म्हणजे माकडहाड, खुबे, टाचा, तिथे आधी. आपल्याला कळ येते म्हणून आपण हलतो. ज्याला कळच येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी हलायला हवं. म्हातारपणी कातडी पातळ होते, मांस कमी होतं, म्हणून हा धोका माझ्यासारख्याला, पाठीचा कणा शाबूत असूनही, असतोच.

जगलेल्या माणसांचं पुढे काय, हा प्रश्न गुटमान यांना पडला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी दवाखान्याच्या हिरवळीवर सोळा अपंग माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा ठेवली. त्यात दोन बायकाही होत्या. त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

इथे आपल्या मातीतला माणूस येतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून मुंबईच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'त, पोहायला सुरुवात केली. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. २०१८ साली पद्मश्री आणि २०२५ च्या जानेवारीत, ऐंशी वर्षांचे असताना, जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार. आबांच्या नंतर दोनच वर्षांनी त्यांचा मणका गेला होता, हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

पेटकरांची जिद्द मोठी, त्यात वादच नाही. पण जिद्दीला आधी माणूस जिवंत असावा लागतो. आबांनाही जिद्द होती. ती बाजेवर उताणी पडून होती.

आणि तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. मुंबईला हाजी अली इथे अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ साली सुरू झाली होती. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या, तरी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक केंद्र निघालं ते १९७४ साली. ते आबांच्या कामाचं नव्हतं. पण दोन तासांचा नियम १९४४ सालचा. इंग्लंडहून शेळगावला यायला त्याला एकोणीस वर्षं पुरली नाहीत. त्याला पैसे लागत नव्हते, वीजसुद्धा नको होती. घरात आम्ही सात माणसं होतो. चौदा हात होते.

हाडवैद्याला मी दोष देत नाही. त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. मोडलेला मणका वेडावाकडा हलवला तर जास्त इजा होते. म्हणून तिघा-चौघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका फिरवावा तसं अख्खं अंग एकदम वळवायचं असतं. हे उरलेलं निम्मं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता तुम्ही विचाराल, ती आतली शीर जुळते का? स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांनी १९१३-१४ मध्ये लिहून ठेवलं की प्रौढ माणसाच्या मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू तुटले की पुन्हा वाढत नाहीत. हातापायांतल्या नसा मात्र वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि वय झालं की त्याहून सावकाश. १९८१ साली कॅनडात आग्वायो यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तर त्यातून मज्जारज्जूचे तंतू वाढले. म्हणजे तंतूंत वाढायची ताकद आहे, भोवतालची जागा त्यांना वाढू देत नाही. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी एका डच गृहस्थाच्या मेंदूतले संदेश यंत्राने थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवले आणि अपघातानंतर बारा वर्षांनी तो आधार घेऊन चालला. पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारा उपचार आजही हाती आलेला नाही. आबांचे पाय आजसुद्धा परत आले नसते, हे मी स्वतःला बजावून सांगतो. जीव वाचला असता, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तो दोन तासांचा नियम? तोही शास्त्रज्ञांनी तपासून पाहिला. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ वृद्ध-शुश्रूषागृहांतल्या ९४२ म्हाताऱ्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मी हे सूनबाईला उत्साहानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपली गादी कापसाची आहे, अण्णा." गजर तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते, ती कबूल करून थांबतो. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. विज्ञानाचे शिक्षक कमी, म्हणून कितीदा सातवी-आठवीचं विज्ञानही माझ्याकडे असायचं. फळ्यावर मज्जारज्जूची आकृती सुरेख काढायचो. रंगीत खडूनं. समोर बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरी आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले असणारच. त्यांची कूस बदला, पाठ बघा, असं मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण शोधावं, विचारावं, असंही कधी वाटलं नाही. आबा मणका मोडून गेले, विषय संपला, असं धरून चाललो.

आता काठी घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारतो. आमच्या पुढच्या आळीत एक म्हातारे गृहस्थ अर्धांगवायूनं पडून आहेत. परवा काठी टेकत त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या सुनेला गजर कसा लावायचा ते दाखवलं आणि माझ्यासमोर पाठ उघडून बघायला लावली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता, दाबला तरी फिका पडत नव्हता. कातडी अजून शाबूत होती. लगेच कुशीवर केलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. काल पुन्हा जाऊन आलो, डाग फिकटलाय.

धाकट्या आत्याच्या मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एक विचारतो. आबांच्या शेवटच्या दिवसांतलं तुमच्या आईनं काही सांगितलेलं आठवत असेल, तर फोन करा. दुपारी चारनंतर मी जागाच असतो.