माहिती यंत्रणा : आधी धोरण, मग संगणक

कोणत्याही व्यवसायात माहिती यंत्रणा दोन प्रकारे येते. चालू कामकाज जलद व्हावे म्हणून संगणक आणले जातात, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात व्यवसायाचे उद्दिष्ट आधी निश्चित होते आणि त्यानुसार यंत्रणेची रचना केली जाते. या दोहोंत किती अंतर आहे, याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. ते म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजार, अर्थात एनएसई.

१८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात १९९०च्या दशकाच्या प्रारंभीही दलालांच्या गर्दीत, हाका आणि हातवारे करून सौदे होत. त्या क्षणाचा खरा भाव रिंगणात उभ्या असलेल्यांनाच ठाऊक असे. नाशिक वा नागपूरच्या गुंतवणूकदाराला आपला शेअर नेमका कोणत्या भावाने विकला गेला, याची खातरजमा करणे जवळपास अशक्य होते. १९९२ मधील रोखे घोटाळ्याने भांडवली बाजारावरील विश्वासालाच तडा गेला.

तीन निर्णय

आयडीबीआयच्या पुढाकाराने वित्तीय संस्थांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये एनएसईची स्थापना केली. आर. एच. पाटील हे तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. बाजार देशव्यापी असावा, भाव सर्वांना एकाच वेळी दिसावा आणि बाजाराची मालकी दलालांकडे नसावी, हे तीन निर्णय या बाजाराच्या मुळाशी होते.

यंत्रणेची निवड त्यातूनच झाली. देशभर पोहोचायचे तर त्या काळातील बेभरवशाच्या टेलिफोन लाइनवर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून उपग्रहाद्वारे चालणारे व्हीसॅट जाळे उभारण्यात आले. पारदर्शकतेसाठी सौदे जुळविण्याचे काम संगणकाकडे सोपविले गेले. उत्तम भावाला प्रथम प्राधान्य आणि भाव समान असल्यास आधी आलेल्या ऑर्डरला प्राधान्य, हा त्याचा नियम. समोरचा दलाल कोण, हे कोणालाच कळत नसे.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे व्यवहार सुरू झाले आणि वर्षभरातच एनएसईने उलाढालीत मुंबई शेअर बाजाराला मागे टाकले.

प्रतिस्पर्ध्याचे उत्तर

मुंबई शेअर बाजार स्वस्थ बसला नाही. १४ मार्च १९९५ रोजी त्याची 'बोल्ट' ही संगणकीय प्रणाली सुरू झाली. मात्र मुंबईबाहेर टर्मिनल नेण्यास त्याला पुढे आणखी वेळ लागला, आणि तोवर देशभरच्या ऑर्डर एनएसईकडे वळल्या होत्या. जेथे खरेदीदार व विक्रेते अधिक, तेथे भाव चांगला मिळतो. आणि जेथे भाव चांगला, तेथे आणखी ग्राहक येतात. हे चक्र एकदा फिरू लागले की ते उलटविणे कठीण असते. २०१४ पर्यंत मुंबई शेअर बाजाराने जर्मनीच्या डॉइशे बोर्सचे अतिजलद तंत्रज्ञान स्वीकारले, तरी शेअरच्या रोख व्यवहारांतील एनएसईची आघाडी कायम राहिली. तंत्रज्ञान विकत घेता येते. हातचा गेलेला काळ विकत घेता येत नाही.

सर्वाधिक किंमत प्रादेशिक बाजारांनी मोजली. स्थानिक दलालाच्या टेबलावरच राष्ट्रीय बाजाराचा पडदा आल्यावर त्यांचे प्रयोजन उरले नाही. पुणे शेअर बाजारासह बहुतेक प्रादेशिक बाजार यथावकाश बंद झाले.

यंत्रणा थांबली तर?

व्यवसाय संपूर्णपणे यंत्रणेवर उभा राहिला की यंत्रणेतील बिघाड हा व्यवसायाचाच बिघाड ठरतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी याचा प्रत्यय आला. दूरसंचार जोडण्यांतील दोषाचा परिणाम जोखीम नियंत्रण प्रणालीवर झाला आणि सकाळी ११.४० वाजता एनएसईवरील व्यवहार थांबविण्यात आले. ते पूर्ववत होण्यास दुपारचे पावणेचार वाजले. वायदे करारांची मासिक मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार असल्याने गुंतवणूकदारांची तारांबळ उडाली. पर्यायी केंद्र उपलब्ध असूनही कामकाज तेथे हलविले गेले नव्हते.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये 'सेबी'ने नियम कडक केले. महत्त्वाच्या प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावे, असे बंधन बाजारांवर आले. पर्यायी केंद्र उभारणे हे तांत्रिक काम आहे. तेथे केव्हा जायचे हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे, हाच त्याचा अर्थ.

उद्योजकांसाठी

शेअर बाजाराचा हा धडा लहान कारखान्यालाही लागू पडतो. नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. ग्राहकाला आज न मिळणारी कोणती गोष्ट या यंत्रणेमुळे मिळणार आहे? त्यासाठी कामाची जुनी पद्धत बदलण्याची तयारी आहे काय? आणि यंत्रणा बंद पडली तर, कोणी, किती वेळात, कोणता निर्णय घ्यायचा? यांपैकी एकही प्रश्न केवळ संगणक विभागावर सोपवून चालणार नाही. उत्तरे मालकाने वा संचालक मंडळानेच द्यायची आहेत.