कोर्लई

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्याचे किनारी गाव. कुंडलिका नदीची खाडी अरबी समुद्राला मिळते, तिच्या दक्षिण काठावर एक चिंचोळी डोंगरसोंड पाण्यात शिरली आहे. किल्ला त्या सोंडेवर आहे आणि गाव तिच्या पायथ्याशी. खाडीपलीकडे रेवदंडा. अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता साळावच्या पुलाने खाडी ओलांडून इकडे येतो.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने चौल-रेवदंड्याला ठाणे बसवले. खाडीच्या मुखावर नजर ठेवायची तर समोरचा हा डोंगर हाती असणे दोन्ही सत्तांना गरजेचे वाटे. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने त्यावर तटबंदी उभारली आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. ‘मोरो’ म्हणजे टेकडी, या नावाने ते किल्ल्याचा उल्लेख करीत. १७३९ मध्ये मराठ्यांच्या वतीने चिमाजीअप्पांनी सुभानराव माणकर यांना कोर्लईवर पाठवले. पुढच्या वर्षीच्या तहाने चौलसह हा सगळा भाग मराठ्यांकडे आला. सान दिएगो, सान फ्रान्सिस्को अशा बुरुजांची नावे बदलली. आज माथ्यावर छप्पर नसलेले चर्च, महादेवाचे मंदिर, पाण्याचे टाके आणि काही तोफा पाहायला मिळतात. पायथ्याजवळ दीपगृह आहे.

गावात कोळ्यांची मोठी वस्ती आहे. होड्या खाडीत नांगरलेल्या असतात. सुक्या हंगामात बोंबील वाळवणाच्या वलांडींवर आणि जवळा अंगणात वाळत पडलेला दिसतो. शासनाच्या बंदीमुळे जून-जुलैत यांत्रिक मासेमारी थांबते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. ख्रिस्ती वस्ती वेगळी आहे. तिचे लोक पूर्वीपासून मुख्यतः शेती आणि मजुरी करणारे. त्यांचे चर्च माउंट कार्मेल मातेचे आहे. या मातेचा सण १६ जुलैला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो.

कोर्लईचे खरे वैभव मात्र याच वस्तीच्या बोलण्यात आहे. इथले ख्रिस्ती घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज शब्दसंपत्तीवर उभी राहिलेली मिश्रभाषा आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’, आपली भाषा, म्हणतात. अभ्यासकांत ती ‘क्रिस्ती’ किंवा कोर्लई पोर्तुगीज म्हणून ओळखली जाते. चौलच्या पोर्तुगीज वसाहतीत सैनिक, दास आणि नवख्रिस्ती यांच्या व्यवहारातून ती घडली. १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, तरी ती मागे राहिली. त्याचे कारण चर्चमध्ये सापडते. धर्म वेगळा आणि जातीच्या भिंती पक्क्या, त्यामुळे ही मंडळी शेजाऱ्यांत विरघळली नाहीत. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू गावाला मिळत राहिले. मराठीचा शेजारही तितकाच खोल उतरला. क्रियापद वाक्याच्या शेवटी नेण्याची वळणे या भाषेत आली आहेत, म्हणजे शब्द बरेचसे पोर्तुगीज आणि वाक्याची चाल मराठी. दोन समाजांनी अडीचशेहून अधिक वर्षे एकमेकांना ऐकले, त्याचा इतका स्पष्ट पुरावा किल्ल्याच्या एकाही दगडावर नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी येथे राहून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दमण आणि दीव येथेही अशा भाषा आहेत, पण कोर्लईत ती एका गावाच्या एका वस्तीपुरती उरली आहे. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लोकभाषेत मिस्सा होऊ लागली आणि येथे प्रार्थनेत मराठी आली. शाळाही मराठी, बाजारही मराठी, नोकरीसाठी मुंबई. ज्या चर्चने भाषा इतकी वर्षे जपली, त्याच्याच दारातून ती आता मागे सरते आहे. यात दोष कुणाचाच नाही, मराठीची ओढ स्वाभाविक आहे. पण किल्ल्याची तटबंदी ढासळली तर पुन्हा चिरेबंदी करता येते, भाषेचे तसे नाही. म्हाताऱ्यांची गाणी, म्हणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करणे, मराठी अर्थांसह शब्दसंग्रह छापणे, ही कामे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन आत्ताच हाती घ्यावीत.