मोडीच्या दप्तरापासून संगणकाच्या दप्तरापर्यंत

श्रोतेहो, सन २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी म्हणून झालेल्या नोंदी शोधणे, हे तिचे काम. त्यासाठी कचेऱ्यांतले जुने रुमाल सुटले. पण जिथे कागद हाती लागले, तिथेही एक अडचण उभी राहिली. मजकूर मोडीत, नाहीतर उर्दूत. तो वाचायचा कुणी? वाचणारे जाणकार शोधावे लागले. आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येईना, असा हा प्रसंग.

हे असे का झाले? आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथे १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही राजभाषा झाली. गावातला हिशेब, पत्रव्यवहार मात्र पुष्कळसा मोडीत चाले. मोडी लिहायला झपाट्याची. आधी आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता अक्षरे लोंबकळत न्यायची. पुढे छापखान्याने बाळबोध लिपी घरोघर नेली, शाळेतून मोडी उठली, आणि दोन पिढ्यांत ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. कागदाला वाळवी लागलीच असे नाही. वाचण्याची किल्ली मात्र गहाळ झाली.

आता तुम्ही म्हणाल, की ही जुनी कहाणी आज कशाला? तर मंडळी, तीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडते आहे, आणि ती शाळेच्या कपाटातल्या संगणकात घडते आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. आरंभी हे क्रमांक इंग्रजी अक्षरांपुरतेच होते. मग मराठी छपाईवाल्यांनी एक युक्ती काढली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, पण त्या जागी चित्र मराठी अक्षराचे काढायचे. अशा चित्रांच्या संचाला फॉन्ट म्हणतात. लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, ग्रामपंचायतीचा ठराव, सारे या युक्तीवर सुबक छापले गेले. पण प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसू लागतो.

यावर उपाय शोधणारी माणसेही इथलीच. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आपल्या लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची क्रमवारी मान्य केली. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही क्रमवारी प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. युनिकोडात ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि आपल्या ‘ळ’ चा २३५५. हे पिनकोडासारखे आहे. ४३१००१ म्हटले, की देशातल्या कोणत्याही टपाल कचेरीत छत्रपती संभाजीनगरच समजतात. पुढे विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घरोघरी आला. त्याची अक्षरे रेखाटली होती मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ‘ॲ’ ला मात्र स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले.

पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हजारो शिक्षकांनी संगणकाला हात लावला. तरीही जुन्या फॉन्टची सवय पुष्कळ कचेऱ्यांतून सुटली नाही. म्हणून गुरुजनांना आणि गावकऱ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, परीक्षा करा. फाइलमधली एक ओळ उचलून मोबाइलवरच्या निरोपात चिकटवा. मराठीच दिसली, तर युनिकोड आहे. भुसा दिसला, तर फाइल जुन्या फॉन्टची आहे.

दुसरी, जुने यंत्र चालू आहे तोवरच त्या फाइली युनिकोडात बदलून घ्या. बदलून देणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. तिथे घोटाळा होतो. रफार आणि जोडाक्षरेही तपासा. नाहीतर ‘आचाऱ्याला’ दिलेला पगार ‘आचार्याला’ दिल्याची नोंद व्हायची!

तिसरी, पीडीएफ केली म्हणजे काम झाले, असे समजू नका. फॉन्ट आत बांधला असेल तर पान सगळीकडे नीट दिसते. पण आतला मजकूर जुन्या फॉन्टचा असेल, तर त्यात एखाद्याचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही.

चौथी, नवे लिखाण युनिकोडातच करा. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अशी त्याची सोपी मांडणी आहे. महत्त्वाच्या नोंदींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि एक कागदावर छापून घ्या.

गावचे जन्ममृत्यू, शाळेचे दाखले, जमिनीचे व्यवहार यांवर माणसाचा हक्क उभा असतो. पन्नास वर्षांनी एखादा नातू आपल्या आजीचे नाव शोधत शाळेत येईल. तेव्हाच्या गुरुजींना ते एका क्षणात काढून देता यावे, एवढी तजवीज आज आपल्या हाती आहे. या उन्हाळी सुटीत शाळेच्या संगणकावरची एक तरी जुनी फाइल उघडून पाहा.