राधानगरच्या वाळूची गोष्ट

विदर्भातल्या माणसाला समुद्राचं अप्रूप फार. आमच्या कळंबला श्रीचिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं, तेव्हा कुंडातलं पाणी दिसतं. अशा गावांतली मंडळीही आता नागपूरहून विमानानं अंदमानला जाऊन येतात. आल्यावर फोटो दाखवतात ते प्रामुख्यानं दोन जागांचे: एक सेल्युलर जेल, दुसरा राधानगरचा किनारा. जेलमध्ये डोळे भरून येतात. किनाऱ्यावर पाय भिजवायचे, नारळपाणी प्यायचं, सूर्यास्त पाहायचा. इतिहास जेलमध्ये संपला, आता मौज, असा एकूण हिशेब!

पण मित्रहो, इतिहास किनाऱ्यावरही आहे.

राधानगर ज्या बेटावर आहे, त्याचं नाव होतं हॅवलॉक. हे हॅवलॉक कोण? 1857 मध्ये बंडवाल्यांशी लढत कानपूर-लखनौकडे गेलेले इंग्रज सेनापती. शेजारच्या बेटाला नाव होतं नील यांचं. अलाहाबादेत त्यांनी माणसं सरसकट फासावर चढवली होती. आणि 10 मार्च 1858 रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरवून कैद्यांची वसाहत सुरू झाली, ती याच उठावानंतर. म्हणजे ज्यांनी उठाव चिरडला, त्यांची नावं बेटांना. आणि उठाव करणाऱ्यांना त्याच द्वीपसमूहात जन्मठेप.

त्या कैद्यांत पुढं एक मोठे विद्वान आले, मौलाना फज्ले हक खैराबादी. मिर्झा गालिबचे स्नेही, अरबीत कविता करणारे. 1861 साली तिथंच वारले. मराठी माणसाला अंदमान माहीत झालं ते 1911 मध्ये तिथं नेलेल्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे, पण ते सेल्युलर जेल बांधून झालं 1906 मध्ये. त्याआधीच्या जवळजवळ पन्नास वर्षांतल्या कैद्यांची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही.

आता राधानगर. हे नाव कुठल्या साहेबानं दिलेलं नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना 1950 नंतर सरकारनं या बेटावर वसवलं. त्यांनी जंगल साफ केलं, भात पेरला. त्यांच्या गावांची नावं बघा: राधानगर, कृष्णनगर, गोविंदनगर, श्यामनगर. मुलूख सुटला, देव मात्र सोबत आले. 2004 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं हा आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवला आणि जगाची रीघ लागली. पर्यटकांच्या तोंडी आज जे नाव आहे, ते विस्थापितांच्या गावाचं आहे.

30 डिसेंबर 2018 रोजी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. ही नावं नेताजींची. 30 डिसेंबर 1943 रोजी त्यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि अंदमान-निकोबारला ‘शहीद’ व ‘स्वराज’ म्हटलं होतं. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झालं.

पाट्या बदलल्या, ते ठीकच. पण पाटी बदलली की आधीची गोष्ट विसरायला सोपी जाते. म्हणून राधानगरला जाणाऱ्यांनी मुलांना घेऊन पाण्यात जरूर खेळावं. समुद्र सगळ्यांचा आहे. फक्त एवढं सांगावं, की ज्याला लोक काळं पाणी म्हणत, ते हेच निळं पाणी. आपण इथं तिकीट काढून आलो. आपल्या आधी आलेल्यांपैकी कित्येकांना परतीचं तिकीट नव्हतं.