अळवावरचे पाणी आणि कॅथेटरची नळी

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही, हा दृष्टान्त गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे. पाथर्डी ज्या जिल्ह्यात आहे त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीतही तो येतो. या जुन्या निरीक्षणाचा आज रुग्णालयातील एका साध्या नळीशी संबंध जोडला जात आहे. ही नळी म्हणजे लघवी बाहेर काढण्याचा कॅथेटर.

नळीची कल्पना नवी नाही. मूत्राची वाट अरुंद होण्याच्या 'निरुद्धप्रकश' या विकारावर लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप माखून आत घालावी, असे सुश्रुतसंहिता सांगते. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेल्या आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने छापलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ अनेकांच्या हाती आला. तूप होते ते नळी सहज सरकावी म्हणून. त्यात जीवाणूंविषयीचे ज्ञान शोधणे योग्य होणार नाही.

१७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आजारी भावासाठी चांदीची लवचीक नळी करवून घेतली. पुढे रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि फ्रान्सच्या नेलाटाँने रबरी नळी आणली. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या फ्रेडरिक फोलीने टोकाशी फुगा असलेली नळी तयार केली. फुग्यामुळे नळी मूत्राशयात टिकून राहू लागली. मात्र रुग्णाची सोय झाली तशी जीवाणूंचीही झाली!

त्या काळी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडत. चारेक दिवसांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जीवाणू सापडत. १९६६ मध्ये क्युनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी बंद पिशवीची पद्धत वापरून हे प्रमाण बरेच कमी होते असे दाखविले. तरीही नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो.

याचे कारण काय? जीवाणू नळीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. हा 'जैवपटल'. त्याच्या आत औषधाचा प्रभाव फारसा पडत नाही. प्रोटियस नावाचा जीवाणू युरियाचे विघटन करून अमोनिया बनवतो. लघवी अल्कधर्मी होते, क्षारांचे स्फटिक साचतात आणि नळी तुंबते. गावात घरीच नळी लावून असलेल्या रुग्णाला तेव्हा तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

मग चिकटूच दिले नाही तर? सिलिकोन, टेफ्लॉन, चांदी असे अनेक लेप झाले. परंतु ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत ७,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांदीच्या लेपाचा अपेक्षित उपयोग दिसला नाही.

कमळपत्राकडे शास्त्रज्ञ वळले ते याच शोधात. १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी पानावरील सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचे कण यांचे कार्य उलगडले. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा अडकते. वर्गात अळूचे पान पाण्यात बुडवून तिरकस पाहा. ते रुपेरी दिसेल. ती हवेची चकाकी होय. पान बराच काळ बुडवून ठेवले तर चकाकी मंदावते, कारण हवा पाण्यात विरघळते. कॅथेटरची अडचण नेमकी हीच. तो सतत ओलाच असतो.

२०११ मध्ये हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने घटपर्णीचा मार्ग धरला. या वनस्पतीच्या ओल्या कडेवरून कीटक घसरतात. त्यांनी सच्छिद्र पृष्ठभागात हवेऐवजी तेलासारखा द्रव मुरवला. २०१२च्या प्रयोगात अशा पृष्ठभागावर एका जीवाणूचे जैवपटल टेफ्लॉनच्या तुलनेत ९९.६ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र तो प्रयोगशाळेतील सात दिवसांचा होता. द्रव हळूहळू निघून जाण्याचा प्रश्न उरतोच.

लेपांवरील संशोधन चालूच राहील. तोवर स्वच्छ हात, बंद पिशवी आणि गरज संपताच नळी काढणे, हेच खात्रीचे उपाय आहेत. विद्यार्थ्यांना नवा शोध सांगताना हेही सांगावे, असे आम्हांस वाटते.